शेड शांत आहे

मंगळवार, ५ मार्च

आज एक पिल्लू दगावलं. दूध तोडून आठवडाही झाला नव्हता, तब्येतीने चांगलं गुटगुटीत.

सकाळी शेडचं दार उघडायच्या आधी मी नेहमीप्रमाणे बाहेर डोळे मिटून उभा राहिलो होतो. हिला त्याची फार गंमत वाटते. "लागली का समाधी?" असं स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारते. विचारू दे. अर्धं आयुष्य छापखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेलं. यंत्राला हात लावायच्या आधी ते ऐकायचं, ही सवय अंगात मुरली आहे. छापखाना बंद पडला आणि घरामागच्या जागेत डुकरं पाळायला घेतली, तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. पण डुकराइतकं बोलकं जनावर दुसरं नाही. भूक लागल्याचं ओरडणं वेगळं, भांडणाचं वेगळं. डुकरीण पाजायला आडवी झाली की आधी संथ घुरघुरते, मग घाई करते, आणि घाई झाली की दूध उतरलं असं समजायचं. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

तर आज कोपऱ्यातल्या कप्प्यातून फरशी खरवडल्यासारखा आवाज येत होता. जाऊन पाहतो तर पिल्लू कुशीवर पडलेलं, चारही पाय सायकल मारल्यासारखे हलताहेत, मान मागे ताठ वळलेली, बुबुळं थरथरताहेत. ही पाणी घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं. शेजारचं आणखी एक पाय ओढत होतं, गुडघा लिंबाएवढा सुजलेला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. उद्या येते म्हणाल्या. गेलेलं पिल्लू पुरू नका, तपासायचं आहे, असंही म्हणाल्या.

बुधवार, ६ मार्च

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. बाई लेकीच्या वयाची, पण तोंड असं चालतं की आपण शाळेत पट्टी खायला उभे आहोत असं वाटावं.

"काका, हा जंतू मोठ्या डुकरिणींच्या घशात मुळातच असतो. एरवी काही करत नाही. पिल्लांचं दूध तुटलं, गर्दी झाली, हवा कोंदली की उठतो. रक्तातून सांध्यात जातो, मेंदूच्या आवरणात जातो. तुम्ही चार आयांची पिल्लं एकत्र घातलीत ना?"

घातली होती. सगळी सारख्या वजनाची एका ठिकाणी असली की खाद्याला मारामारी होत नाही, असा माझा हिशोब. बाईंनी तो हिशोब तिथेच मोडीत काढला. आजारी वेगळी काढायची, उरलेली पुन्हा हलवायची नाहीत, फरशी कोरडी ठेवायची, वरचा पंखा दिवसभर चालू. आजाऱ्यांना पेनिसिलिनचं इंजेक्शन आणि हाताने पाणी पाजायचं.

"पाच दिवस. पिल्लू दुसऱ्या दिवशी उड्या मारायला लागलं तरी पाच म्हणजे पाच. अर्धवट सोडलंत तर दबलेला जंतू पुन्हा उठतो. आणि हातमोजे घाला. हाताला कापलेलं असेल तर शेडमध्ये पाऊलसुद्धा टाकू नका. हा माणसालाही होतो, काका. होतो तेव्हा साधासुधा होत नाही."

ही शेजारीच उभी. माझ्याकडे असं पाहत होती, जणू मी आत्ताच आजारी पडलो आहे.

हातमोजे घालून पाहिले. पिल्लाच्या मानेचा स्नायू हाताला लागेना, सुई कुठे घालायची ते कळेना. काढून खिशात टाकले. एका पठ्ठ्याने सुई लागताच वळून अंगठ्याला दात लावला. तांदळाएवढी जखम. नळाखाली धरली आणि पुढच्या पिल्लाला घेतलं. हिला सांगितलं नाही, उगाच घर डोक्यावर घेतलं असतं.

शुक्रवार, ८ मार्च

औषधाला गुण आहे! काल जी मान टाकून पडली होती ती आज माझ्या बुटाची नाडी चावत होती. पाय ओढणारं सोडलं तर सगळी उभी राहिली.

इंजेक्शन आजपासून बंद केलं. धडधाकट पिल्लांना रोज धरून, ओरडायला लावून टोचायचं, हे माझ्याच्याने होत नाही. शिवाय बाटली संपवून टाकली आणि उद्या दुसऱ्या कप्प्यात लागलं तर? यंत्र चालायला लागलं की पाना खाली ठेवायचा असतो. चालत्या यंत्राला पिळत बसलं की आटेच जातात.

यावरून जेवताना वाजलं.

"पाच दिवस सांगितलेत त्यांनी."

"त्या पुस्तक बघून सांगतात. मी पिल्लं बघतो."

"तुम्ही काय बघता? तुम्ही नुसते कान लावून उभे राहता!"

"तुला यातलं काय कळतं? कधी शेडमध्ये तासभर बसलीस का?"

हे म्हणायला नको होतं. आजाऱ्यांना पाणी पाजत ती दोन दिवस तिथेच बसली होती. तिने ताट उचललं, म्हणाली, "बरं. यापुढे या बाबतीत माझ्या तोंडून एक शब्द यायचा नाही."

म्हणजे अबोला सुरू. आमच्या घरी अबोल्याचे नियम लग्नापासून ठरलेले आहेत. सुरू कुणी केला हे महत्त्वाचं नाही, जो आधी बोलेल तो हरला. गरजेपुरतं बोटाने दाखवायचं. चहा समोर आदळायचा, पण वेळेवर आदळायचा. लेक लहान होती तेव्हा निरोप्या म्हणून उपयोगी पडायची. आता ती सासरी आहे, त्यामुळे सगळा भार भांड्यांवर.

रविवार, १० मार्च

पहाटे तीन पिल्लं मेलेली सापडली. त्यातलं एक नाडी चावणारं. बाकीची पुन्हा कुशीवर, पुन्हा ते पाय मारणं. उरलेल्या बाटलीतून सगळ्यांना टोचलं, पण प्रत्येकी थोडंथोडं आलं. डॉक्टरीणबाईंना कळवायला हवं. कळवलं की त्या विचारणार, किती दिवस दिलं. उद्या बघू.

मलाही बरं वाटत नाही. अंगात कसकस आहे, डोकं ठणकतंय, मान अवघडली आहे. काल पोती उचलली त्याचं असणार. मागे दाढ दुखली होती तेव्हाच्या गोळ्या कपाटात शिल्लक होत्या. पाकिटावरचं नाव वाचून हसू आलं, पिल्लांच्या औषधाचंच भावंड. सकाळी एक घेतली, रात्री एक घेईन.

हिने कपाळाला हात लावून पाहिला. अबोला असल्यामुळे बोलली काही नाही, पण हात बराच वेळ ठेवला. मीही बोललो नाही. हरायचं कशाला?

सोमवार, ११ मार्च

ताप उतरला. गोळ्या ठेवून दिल्या, पुन्हा कधी लागल्या तर असाव्यात. डोकं अजून जड आहे. अंगठ्याची जखम भरली, खूणही दिसत नाही.

बुधवार, १३ मार्च

शेडमधल्या पंख्याचं बेअरिंग गेलं आहे. काल दुपारपासून बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतोय, एकसारखा, न थांबता. असला आवाज माझ्या डोक्यात जातो. छापखान्यात अशी शिट्टी वाजली की मी जेवण अर्धवट सोडून उठायचो.

पंखा उतरवला, बेअरिंग धुतलं, ग्रीस भरलं, पुन्हा चढवला. शिट्टी आहेच. मग वाटलं पाण्याचा पंप असेल. पंप बंद केला, तरी आहेच. घरात आलो तर घरातही ऐकू येते. हा पंप सगळं घर हादरवतो म्हणायचा. शिडीवरून उतरताना तोल गेला, पत्र्याला धरलं म्हणून बरं. दोन दिवस धड जेवलो नाही त्याचा परिणाम.

आणखी एक पिल्लू गेलं.

ही अजून रागातच आहे, पण या वेळी तिच्यात दम नाही. भांडी आपटणं बंद झालंय. चहासुद्धा मांजराच्या पावलांनी ठेवते. मी मागे वळलो तर कप तिथे असतो आणि ती दारात उभी राहून माझ्याकडे टक लावून पाहत असते.

गुरुवार, १४ मार्च

लेकीचा फोन आला होता. लाइन इतकी खराब की नुसती खरखर. "मोठ्याने बोल, मोठ्याने!" म्हणून मीच ओरडत राहिलो. शेवटी फोन हिच्या हातात दिला. हिचं बरं चाललं होतं बोलणं, म्हणजे लाइन हिच्याकडे गेल्यावर सुधारली. माझं नशीबच तसलं.

बोलताना हिने तोंडावर पदर धरला होता. माझ्या तक्रारी चालल्या असणार.

मला आता वेगळाच संशय येतो. ही पुटपुटते. स्वयंपाकघरात पाठमोरी असते, खांदे हलतात, मान हलते, म्हणजे काहीतरी चाललेलं असतं, पण मला ऐकू जाणार नाही अशा बेताने. इतक्या वर्षांत अबोल्याचा हा प्रकार नव्हता. बोलायचं नसेल तर बोलू नये. हळू आवाजात ठेवणीतलं सुनावायचं, हे काही नियमात बसत नाही.

शनिवार, १६ मार्च

आज जीव भांड्यात पडला. रोग हटला!

सकाळी दाराबाहेर उभा राहिलो, डोळे मिटले, आणि काय सांगू. आत गाढ शांतता. खोकला नाही, फरशी खरवडणं नाही, किंचाळणं नाही. डुकरं घेतल्यापासून इतकी शांत शेड मी कधी ऐकली नव्हती. ती शिट्टी तेवढी आहे, पण लांबून आल्यासारखी. मी दार न उघडता पाच मिनिटं तसाच उभा होतो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू? छापखाना बंद झाला त्या दिवशीही आलं नव्हतं.

आत गेलो तर दोन-तीन पिल्लं पडलेली दिसली, पण गप्प होती. तोंड उघडत-मिटत होती, दमली असतील. आराम करू दे म्हटलं. ज्याला दुखतं ते जनावर ओरडतं, ओरडत नाही म्हणजे दुखत नाही. आज एकालाही टोचलं नाही.

दुपारी डॉक्टरीणबाई आपल्या आपण हजर. बोलावलं कुणी होतं? हिनेच फोन केला असणार. शेडमध्ये शिरताच बाईंनी कपाळाला हात लावला आणि कप्प्याकप्प्यातून धावत सुटल्या. पिशवी उघडून इंजेक्शनं भरायला लागल्या. पिल्लांकडे वाकून काहीतरी बोलत होत्या, मी हो हो म्हणत होतो. मग वळून माझ्याकडे पाहून काही विचारलं. पंख्याबद्दल असावं. मी म्हटलं, "बेअरिंग धुऊन ग्रीस भरलं, आता उत्तम चालतोय."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी हातातली सुई खाली ठेवली, माझ्या अगदी जवळ आल्या आणि माझा हात धरून उलटासुलटा करून पाहिला. बोट न् बोट पाहिलं. बाईमाणसाने असा हात धरावा, मला चमत्कारिक वाटलं. मी सोडवून घेतला आणि चहा सांगायला म्हणून निघून आलो. फाटकापाशी त्या आणि ही बराच वेळ बोलत होत्या.

संध्याकाळी ही माझ्यासमोर येऊन बसली. रडत होती. ओठ हलत होते, हात जोडत होती, दाराकडे दाखवत होती. आवाज फुटत नव्हता बिचारीचा. मला फार वाईट वाटलं. एका जेवणावरच्या भांडणासाठी माणसाने स्वतःचे एवढे हाल करून घ्यावेत? मी मोठ्या मनाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "झालं गेलं. सोडून दे. माझा काही राग नाही."

तर आणखीच रडायला लागली. बायकांचं मन कळायला देवच हवा. नंतर उठून तिने शेडकडची खिडकी लावून घेतली. उकाडा मरणाचा, आणि बाहेर चिटपाखरूही ओरडत नाही.

रविवार, १७ मार्च

आज वही शेडमध्येच आणली आहे. डोकं फुटेल असं दुखतंय आणि चालताना जमीन एका बाजूला कलते, पण घरात बसवत नाही. घरात हिचं लेकीला फोन करणं, पिशवी भरणं चाललंय. कुठे निघाली आहे कोण जाणे. मला गाडीत बसायची खूण करत होती. आज कुठेही यायचं नाही, असं मी स्पष्ट सांगितलं आणि इथे आलो.

कठड्याला पाठ टेकून बसलो आहे. मागच्या कप्प्यात सर्वांत थोराड डुकरीण आहे, चार दिवसांपूर्वी व्यायलेली. अंग टाकताना पिल्लं खाली सापडायची भीती असते, म्हणून मी असा पाठीशी बसून लिहितो. अशा वेळी डोळ्यांची गरज नसते. जरा कुणी चिरडलं जायला लागलं तर पिल्लू असं किंचाळतं की चार घरं जागी होतात, आणि मी एका उडीत आत असतो. आजवर माझ्याकडे एकही पिल्लू असं गेलेलं नाही. छापखान्यात काय आणि इथे काय, या कानांनी मला कधी

मंगळवार, २६ मार्च

दवाखान्यात आहे. आज पहिल्यांदा पेन धरता आलं. ओळी तिरक्या जाताहेत, जाऊ देत.

वरचं वाक्य अर्धं राहिलं कारण कुणीतरी मला खांद्याला धरून बाजूला फेकलं. मी पडलो. पाहतो तर ही. घरापासून शेडपर्यंत अनवाणी पळत आली होती. माझ्याकडे न पाहता कठड्यावरून आत उडी मारली आणि लाथा-बुक्क्यांनी त्या एवढ्या मोठ्या धुडाला उठवायला लागली. माझ्या पाठीपासून वीतभर अंतरावर डुकरीण आडवी होती आणि तिच्या पोटाखालून एका पिल्लाचं डोकं बाहेर आलेलं होतं. त्याचं तोंड जबड्यापर्यंत उघडं होतं. जीभ थरथरत होती. गळ्याची शीर ताठ झालेली. मी त्या उघड्या तोंडाकडे बघत होतो आणि त्यातून काहीच येत नव्हतं.

मग मी बाकीच्या कप्प्यांकडे पाहिलं. सगळ्यांची तोंडं उघडी होती.

त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही. इथल्या डॉक्टरांनी पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं. पिल्लांना झाला तोच जंतू, तेच मेंदूचं आवरण. अंगठ्यातून शिरला असणार. त्या दोन गोळ्यांनी तो मेला नाही, नुसता दबला, असं त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. माझ्यावर ओरडले नसावेत. चेहऱ्यावरून तरी तसं वाटलं नाही. सलाइनमधून औषध चालू आहे आणि ते पुरे दिवस चालणार आहे. खाली त्यांनी लिहिलं, "जिवाचा धोका टळला." त्याखाली मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं, "दोन्ही कान गेलेत. परत येतील अशी आशा धरू नका."

मी तो कागद उलटा करून ठेवला. भीती वाटते. एवढंच लिहितो, फार भीती वाटते.

बुधवार, २७ मार्च

ही रोज सकाळी पिल्लांचं आटोपून इथे येते. हातमोजे घालते, ते मला काढून दाखवले. निम्मी वाचतील, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पुढचं सगळं त्या दोघी आपल्या हिशोबाने चालवताहेत, मला विचारत नाहीत. ते बरोबरच आहे.

आज मी ही वही तिच्यापुढे सरकवली आणि म्हटलं, माझ्यावर तुझा जो राग असेल तो लिही. तिने पेन घेतलं. मग खालचं लिहिलं. अक्षर तिचं आहे.

"राग कुठला? मी मंगळवारीच बोलले होते. तुमचा ताप उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हटलं, जाऊ दे, मी हरले. स्वयंपाकघरातून तुम्हाला तीनदा हाक मारली. तुम्ही वळला नाहीत. मला वाटलं, अजून अबोला धरलाय."

मी वाचलं. पुन्हा वाचलं. मंगळवारी मी पंख्याची शिट्टी शोधत होतो.

तिला म्हटलं, "काय हाक मारलीस?"

ती लिहायला लागली. मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं आणि म्हटलं, "लिहू नकोस. तेव्हा मारलीस तशी मार."

तिने दाराकडे पाहिलं, शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे पाहिलं, संकोचली. मग माझ्याकडे तोंड करून हाक मारली. जोरात मारली असणार, कारण शेजारचा माणूस दचकून उठून बसला आणि दारातली नर्स वळून बघायला लागली.

मी म्हटलं, "पुन्हा."